ओवाळलेलं एन्झाइम

न्हाय आबा – चहा घ्या तुमी, पण परत घेत्यात म्हणून 'मी राजवर्धन, डबा उघडा टाकला, चुकलो' हे मी सोमवारी कॉलेजात चार लोकांपुढं म्हणणार न्हाय. हितं लासुर्ण्यात मोटारींचं वायंडिंग करतोय, बरं चाललंय. सख्खा चुलता म्हणून बसा म्हणतोय. – काय? एवढ्याशा औषधापायी? औषध न्हवतं ते! एन्झाइम. जंतूंच्या पेशीतनं काढलेलं – हजारो अक्षरांच्या डीएनएत आपली सहा अक्षरं हुडकतं आन बरोबर तितंच कापतं. पण उष्णतेला लई नाजूक. म्हणून तर पुण्यासनं एसटीत बर्फाचा डबा मांडीवर घिऊन आलो, मांडी बधिर झाली तरी हललो न्हाय. आन तुमी काय केलं? प्रयोगशाळेचं उद्घाटन, प्रमुख पाहुणे आबासाहेब – कुपी बर्फातनं काढली, ताटात ठिवली, हळद-कुंकू, चिकटून निरांजन, आन वर तुमचं भाषण! मार्चचं ऊन, पत्र्याचा मांडव. मी म्हटलं, आबा, बर्फात ठिवू द्या. तर तुमी माइकवरच, "शुभकार्यात आडवा येऊ नगं, पोरा." लोक हसले. आमचे प्रयोगशाळेचे सरबी हसले – त्यांना तर ठावं हुतं की! पण तुमच्यापुढं, संस्थेच्या संचालकापुढं तोंड कोण उघडणार?

मग परीक्षेत डीएनए जसाच्या तसा. कापलाच न्हाय. बाहेरचे परीक्षक इचारायला लागले, तवा सरांनी बोट दावलं माझ्याकडं – म्हणं, यानंच डबा उघडा टाकला. तुमी शेजारच्याच खुर्चीत, अडकित्ता घिऊन – त्या खोलीत कापली गेली ती तेवढी तुमची सुपारी.

व्हय, सोडलं कॉलेज. वाईट कशाला वाटंल? छ्या! – परवा बारामतीला तांब्याची तार आणाय गेलो तवा कॉलेजच्या मागच्या खिडकीशी थांबलो जरा, एवढंच. नवी कुपी आलीया. वर्गातली प्रतीक्षा प्रयोग करत हुती, नळी तिरकी धरली हुती तिनं, वाटलं आत जाऊन हात धरावा... नळी, नळी धरावी म्हणतोय. त्या दिवशी जेवण गेलं न्हाय. – आईनं सांगितलं व्हय तुमाला? तिला काय, कुणापुढंबी रडती.

बरं, ऐका. येतो सोमवारी. चुकलो म्हणतो, सरांच्या पायाबी पडतो. फकस्त तुमी माझ्या शेजारी हुबं ऱ्हायचं आन म्हणायचं – ताटात मी ठिवली. एवढंच. माइक नगं, मांडव नगं... आबा?

उठून दारात का गेलात? चपला कशाला हुडकताय?

– मग जावा. दारातनं बाजूला व्हा तेवढं, अंथुर्णे गावचं गिऱ्हाईक मोटार न्ह्यायला आलंय.