दोन अंगठे

स्वातंत्र्य मिळून तीन महिने झाले होते. शहापुरात सुताच्या कोट्यासाठी सकाळपासून रांग लागली होती. चंपाबाईच्या पुढं म्हातारा विणकर आण्णाप्पा आणि त्याच्याच गल्लीतला सुबराव उभे होते.

“खरं सांग आप्पा, दोन्ही अर्जांवर अंगठा दिलास?” सुबरावनं विचारलं.

“दिला की. बेळगाव मराठी मुलखात जावं, म्हणून जोतिराम आला. त्याला दिला. सांजेला बसवंत आला, कन्नड मुलखात जावं म्हणून. त्यालाबी दिला.”

“असं कुणी करतं व्हय?”

“दोघंबी माझ्याच मागावर विणायला शिकल्यात. एकाला न्हाय कसं म्हणू?”

“आता दोघंबी तुला फितूर म्हणत्यात.”

“म्हणू देत. पर गल्लीत उभ्या सुताच्या ताण्याला खळ लावायची, तर तो धरायला आठ माणसं लागत्यात. काल एकबी आलं न्हाय. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी लेक मालू. मधे ओलं सूत मातीला टेकलं. सहा लुगड्यांचा ताणा गेला रं.”

“लई वाईट झालं.”

“आज मिळंल त्या सुताचा ताणा सोमवारी लावतोय. हाबी गेला तर माग बंदच. तू येशील न्हवं, सुबराव?”

“सोमवारी? सोमवारी मी जांबोटीला चाललोय. पावण्याकडं.”

“मग मंगळवारी लावतो.”

“मंगळवारीबी तिथंच हाय.”

“बरं. तू आलास की लावतो.”

रांग पुढं सरकली. आण्णाप्पा दोन पावलं गेला. सुबराव जागचा हलला नाही.

“तुम्ही व्हा पुढं, आक्का,” तो चंपाबाईला म्हणाला.