अर्ध्या पलंगापुरता फोम

सकाळी नऊला बळवंतने साकीनाक्यावरच्या आपल्या फोमच्या दुकानाच्या फळ्या काढल्या, फरशी झाडली आणि कापायची सुरी दगडावर घासली. तेवढ्यात दत्ताराम आणि मंजुळा हे नवराबायको आले. मंजुळेच्या हातात पलंगाच्या रुंदीएवढी सुतळी होती. ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“महिन्यामागे घेतलेली काथ्याची गादी दगडासारखी लागते. वर घालायला इंचभर जाडीचा फोम द्या.”

“अगं, डॉक्टरांनी कडक गादीच सांगितलीय ना?”

“तुमच्या कमरेला सांगितलीय. मला कुठे तपासलं त्यांनी?”

“महिनाभर बोलली नाहीस ती!”

“रात्रभर कूस बदलत होते. तुम्ही घोरत होता, सांगणार कुणाला?”

“मऊ घातलं तर माझी कंबर परत धरेल गं.”

“मग तुम्ही कडकच झोपा.”

“आणि तू?”

मंजुळेने सुतळी दुमडून अर्धी केली आणि बळवंतपुढे धरली.

“माझ्या बाजूपुरता कापा.”

“पलंगावर पायरी होईल, वहिनी.”

“होऊ दे. हे तळमजल्यावर राहतील.”

दत्तारामनेच सुतळीचं दुसरं टोक फोमवर दाबून धरलं आणि बळवंतने सुरी चालवली.