कॅन्टीनचा चोथा

माझं माहेर केडगावच्या पुढं, वस्तीवर. आम्ही धनगर. आबा आधी मेंढरं घेऊन हिंडायचे, मग थोडी जमीन झाली आन् तिथंच बसले. मेंढराच्या अंगाचा वास लय चिकट असतो बघा, साबणानं जात न्हाई, तवा आई चहा गाळला की चोथा टाकायची न्हाई, आम्हा पोरींना तो हातावर चोळायला लावायची आन् शाळेत निघताना म्हणायची, आता हुंग बरं. तुम्ही इचारता हे सगळं कुठं शिकला, तर शिकले काय, चोथा टाकायचा असतो हेच मला लग्न झाल्यावर कळलं.

लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्यात आले. मालक वारले तवा पोरगी सातवीत होती. मग शिरूरकडच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत कॅन्टीनला लागले, चहाचं काम माझ्याकडं. काय सांगू तुम्हाला, एवढं मोठं पातेलं, दिवसातनं तीन टाइम, आन् दर टायमाला हा ढीग चोथा निघायचा, सगळा कचऱ्यात. माझा जीव तुटायचा. सुपरवायझरला म्हणलं, नेऊ का घरी, तो म्हणला ने की मावशी, कचराच हाय तो.

पण कॅन्टीनचा चहा दुधासाखरेचा. तो चोथा तसाच ठेवला तर मुंग्यांची रांग लागती, झाडाला टाकला तर मुळाशी मुंग्या होत्यात. म्हणून मी तो दोन-तीन पाण्यानं धुवायची आन् तिथंच कॅन्टीनच्या गच्चीवर पोत्यावर वाळवायची. वल्ला नेला तर बसमधी गळतो, ड्रायव्हर वरडतो. वाळला की पिशवीत भरायचा. करपलेली कढई त्यानं घासा, गुलाबाला मूठभर टाका, फ्रिजमधी वाटीत ठेवा, वास मरतो. आन् मेंदी भिजवायला कोऱ्या चहाचं पाणी, लोखंडाच्या कढईत, रात्रभर. मला दुकानातल्या कलपानं डोळं सुजायचं, तवापास्नं मी मेंदीच लावते, बघा की केस. मशीनच्या लाइनवरच्या बायांना दिवसभर ते जाड बूट, पायाचा वास मारतो म्हणून त्या माझ्याकडनं पुड्या न्यायच्या, चोथा उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाय बुडवून बसायच्या. एकीला सांगितलं, भाजल्यावर मातुर लावू नको बाई, तिथं नुसतं गार पाणी अन् डॉक्टर. पोरगी नर्सिंग शिकती ना, तिनं मला दटावलंय.

तर झालं काय, गेटवर नवा गार्ड आला, बिहारकडचा, कडक. पिशवी उघडली आन् म्हणला, ये क्या है चाची, पत्ती ले जा रही हो? मी म्हणलं, चोथा हाय बाबा. त्याला चोथा म्हंजी काय ते कळंना. आन् खरं सांगू, वाळलेला चोथा आन् पत्ती शेजारी ठेवली तर मलाबी लांबनं सांगता यायचं न्हाई. बस उभी, बाया खिडकीतनं वाकून बघत्यात, तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. ते म्हणले, रोज नेता? मी म्हणलं, व्हय, इचारून नेते. सुपरवायझरकडं बघितलं तर तो मोबाईलमधी बघतोय. म्हणला, मला आठवत न्हाई सर.

काम तर जाईलच, पण पंधरा बाया गावाकडच्या, रोज एका बसनं येणाऱ्या, उद्या वेशीवर काय म्हणतील, सिंधूबाई चोर. पोरीला काय तोंड दाखवू. मी रडले न्हाई. साहेबांना म्हणलं, साहेब, मला गॅस पेटवू द्या.

कॅन्टीनमधी गेलो समदे. दोन पातेली घेतली, दोन्हीत सारखं पाणी. एकात डब्यातली नवी पत्ती, दोन चमचं, दुसऱ्यात माझ्या पिशवीतला, दोन चमचं. गॅस लावल्यावर माझ्या ध्यानात आलं, आदल्या दिवशी गॅस संपला होता, तवा दुपारचा चहा एका उकळीवरच गाळला होता, आन् तोच चोथा पिशवीत हाय. त्याच्यात रंग ऱ्हायला असला तर? पाणी उकळायला लागलं. पहिलं पातेलं तर लालकाळं झालं. माझ्या पातेल्यात आधी काहीच न्हाई, मग जरा जरा पिवळं. साहेब वाकून बघत होते. मीच दोन्हीतलं काचेच्या ग्लासात वतलं आन् शेजारी ठेवलं. माझ्या ग्लासातनं पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं.

लाइनवरची मंदा मागं उभी होती, ती म्हणली, साहेब, घ्या की घोटभर, सिंधूमावशीनं चोरलेला चहा कसा लागतो बघा तरी. समद्या हसल्या. साहेब हसले न्हाईत. जा म्हणले. सुपरवायझर माझ्याकडं न बघताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गेटपासवर लिहून मिळालं, वापरलेली चहापत्ती, एक पिशवी. कुणी माफी मागितली न्हाई, मीबी मागून घेतली न्हाई. तो गार्ड मातुर चार दिवसांनी म्हणला, चाची, हमारे जूते में भी बहुत बदबू है. दिली पुडी त्याला. त्याचं काय चुकलं, तो त्याचं काम करत होता.

काम हाय अजून. पोरगी पुढच्या साली नर्स होईल. पण एक सवय लागलीय बघा. परवा दौंडला कापडाच्या दुकानातनं निघताना मी दारातल्या माणसापुढं पिशवी आपणच उघडून धरली. पोरगी म्हणली, आई, अगं कुणी मागितलीय? तो माणूसबी नवलानं बघाया लागला. मी म्हणलं, असू दे. देव करो आन् तिला कुठं असं पाणी उकळून दाखवायला लागू नये.