टॉवेलातलं अंडं

बायको गेल्यापासून मी रविवारी निसर्ग-संग्रहालयात जातो. त्या दिवशी तिथे घरून आणलेली वस्तू तज्ज्ञ ओळखून देणार होते. रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला गोल दगड होता.

"अहो, माझा नवा टॉवेल घेतलात?"

"डायनासोरचं अंडं काय पोतेऱ्यात आणू?"

"सगळ्या सोसायटीला सांगून बसलात. जावयांनासुद्धा."

"हसले होते ना जावई? आज तज्ज्ञांचं मतच ऐकवतो त्यांना."

"आणि दगड निघाला तर?"

"ऐकलंस? त्या पुढच्या गृहस्थांचं हाड बकऱ्याचं निघालं. चारचौघांत सांगितलं गं."

"खरं ते सांगणारच."

"तज्ज्ञ फारच कोवळा वाटतो. याला काय कळणार?"

"सकाळी तर म्हणालात, फार मोठा माणूस आहे."

"गर्दीही किती आहे. तुझे पाय दुखत असतील."

"माझे? मला कुठे... हो, दुखताहेत खरे. चला घरी."

"जावयांना काय सांगायचं पण?"

"मी सांगते ना. म्हणावं, तज्ज्ञांनी असं अंडं अजून पाहिलेलंच नाही."