लाउफोआंची थोरली लेक

लाउफोआ : ...नवरा गेला की नवऱ्यामुळे मिळालेला रहिवासही जातो, आकेसा. सुतक संपेपर्यंत राहता येतं. मग बोट.

आकेसा : बोट नेणार कुठे, सरकार? आमचं बुतारेआ बेट तर मी तान्ही असताना पाण्याखाली गेलं.

लाउफोआ : दक्षिणेच्या छावणीत.

आकेसा : आणि माझी माले?

लाउफोआ : तिला कोण हात लावणार? बापाचं रक्त, बापाची जमीन. ती जन्मानं नागरिक. काकाकडे राहील.

आकेसा : म्हणजे लेक इथे, मी छावणीत.

लाउफोआ : तेच होऊ नये म्हणून तुला आणि तुझ्या आईला बोलावलंय. मी तुला मुलगी म्हणून दत्तक घेतो. जहागीरदाराची लेक झालीस की मनगटावरचा हा परक्यांचा पट्टा दरबारात कापतात, प्रश्नच मिटला.

आकेसा : तुम्हाला काय पडलंय त्याचं?

तेराइमा : आकेसा! मोठ्या माणसाशी असं बोलतात?

लाउफोआ : बोलू द्या, आजी. बरोबर विचारतेय. माझ्या जहागिरीतली माणसं कमी होत चाललीत. आणखी कमी झाली, तर राजदरबारात बसायची माझी चटई जाते. आजोबांपासूनची चटई आहे ती.

आकेसा : आणि आईचं काय?

लाउफोआ : तिथेच घोडं अडलंय. दत्तक मुलीला जुनं माहेर उरत नाही. दरबारासमोर तसं तोंडानं सांगावं लागतं. आणि आजींचा रहिवास तर तुझ्या नावावर आहे, तुझी आई म्हणून.

आकेसा : म्हणजे ही माझी आई नाही, असं मी म्हणायचं आणि हिला बोटीत बसवून यायचं? नको मला तुमची जहागीर.

तेराइमा : म्हण की गं. माझी किती वर्षं उरलीत? छावणीत निदान दोन वेळचं खायला मिळतं म्हणे.

आकेसा : तुला रात्री पाणी हातात द्यावं लागतं, आई. तिथे कोण देणार?

तेराइमा : तहान लागली की माणूस उठतं आपलं आपण.

आकेसा : विषय संपला. चल, ऊठ.

तेराइमा : थांब जरा. सरकार, एक विचारू? दत्तक घ्यायला वयाची अट असते?

लाउफोआ : बापानं लग्न केलेलं असावं, एवढंच.

तेराइमा : बापाचं नाही हो. मुलीचं वय.

लाउफोआ : मुलीचं? नाही. कुणी कधी विचारलंच नाही.

तेराइमा : आणि आई इथली असली, बाप परका असला, तर मूल कुणाचं?

लाउफोआ : मूल इथलंच. थोरल्या राणीसाहेबांच्या मुलीनं परदेशी नवरा केला, तेव्हापासून तसा कायदा झाला. पण तुम्ही हे का...

तेराइमा : मग मलाच घ्या की.

लाउफोआ : आजी!

तेराइमा : मी तुमची लेक झाले, की ही माझ्या पोटची. हिला कुणासमोर काही म्हणायला नको.

लाउफोआ : अहो, माझ्या आईपेक्षा मोठ्या आहात तुम्ही! दरबार हसेल मला.

तेराइमा : हसू दे. हसला म्हणून चटई काढून घेतात का?

लाउफोआ : ...नाही. तसा नियम नाही खरा.

आकेसा : आई, कळतंय का तुला? मग आजोबांना बाप नाही म्हणावं लागेल. तुला! लाट आली तेव्हा ज्यानं तुला माझ्यासकट पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि स्वतः खाली राहिला, त्याला?

तेराइमा : मला नको सांगूस. मी होते तिथे.

आकेसा : मग जीभ कशी रेटेल तुझी?

तेराइमा : टाकीवर दोघींपुरतीच जागा होती, आकेसा. त्यानं मला विचारलं नाही, चढवलं. मीही तुला विचारत नाहीये.

(दरबारातून परतताना, बोटीत.)

लाउफोआ : केवढे हसले सगळे! बाळराजे तर लोळायचेच बाकी होते. बिचाऱ्यांना मुकुट सांभाळता येईना.

आकेसा : पण वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

लाउफोआ : नाही. आजी इतका वेळ गप्प राहिल्या, की मला वाटलं, आता उठून चालायला लागतात.

तेराइमा : आधी त्याला सांगत होते. परस्पर कसं बोलायचं?

लाउफोआ : आणि मग घेतलंत माझं नाव. खणखणीत.

तेराइमा : बहिऱ्या म्हाताऱ्यांचा दरबार तुमचा. पुन्हा घ्यायला लावलं असतं.

लाउफोआ : आता मी तुम्हाला काय म्हणू? तिथे 'पोरी' म्हणालो, तर माझ्याच अंगावर काटा आला.

तेराइमा : आजीच म्हणा. मी मात्र आता सरकार म्हणणार नाही हं. आणि परवा माझं छप्पर शाकारायला माणसं पाठवायची. लेकीचं घर गळतंय.

लाउफोआ : झाली का सुरुवात!

आकेसा : आई, मनगट का धरून बसलीस? परक्यांचा पट्टा कापताना लागलं का तुला? माझा तर पटकन निघाला.

तेराइमा : नाही गं.

आकेसा : दाखव बघू. केवढी पांढरी पडलीय कातडी! दुखतंय?

तेराइमा : दुखत नाही. वारा लागतोय तिथे.