अडकलेलं नवं पिस्तूल

एअर पिस्तुलाचे छर्रे घ्यायला ज्योत्स्ना नाशिकच्या बंदुकीच्या दुकानात थांबली होती. तिच्या पुढे सिन्नरकडचं एक जोडपं होतं. नवऱ्यानं नवंकोरं पिस्तूल काउंटरवर ठेवलं.

"शेठ, हे बदलून द्या. चाप वढला तरी गोळी उडत नाय."

"नवं आहे, आप्पा. घट्ट असतं जरा. वापरलं की सुटतं."

"नवा ट्रॅक्टर काय धक्का मारून चालू करायचा? कंपनीत तपासूनच पाठवत्यात ना?"

"तपासतात हो. एखादं निसटतं."

"ते माझ्याच नशिबी? वक्ताला उडालं नाय, तर उपेग काय त्याचा?"

ज्योत्स्नाला त्याचं म्हणणं पटलं. तिनंही एकदा नवं पिस्तूल परत केलं होतं.

"अडकलं कुठं? नेमबाजीच्या रेंजवर?" तिनं विचारलं.

"आमच्या पोल्ट्रीवर. शेडमागं चोर शिरला व्हता."

"चोर नव्हता," बायको मधेच म्हणाली. "माझा भाऊ व्हता. सकाळी न सांगता आला, अन् मागं नळावर हातपाय धूत व्हता."

"पाठमोरा व्हता गं. मला काय म्हाईत?"

"दोनदा चाप वढला यांनी, शेठ."

दुकानदारानं पिस्तूल उचललं, आतल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"कंपनीला पाठवावं लागेल. वेळ लागेल."

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"बराच," दुकानदार बायकोकडे बघत म्हणाला.

"लागू द्या," ती म्हणाली. "आम्हाला घाई नाय."