हातगुणाची बाई

मंडळी, ऐका. आज आख्यानाआधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. एखाद्याच्या हातून दुसऱ्याचं वाटोळं झालं. कसं झालं? नकळत! वर आणि प्रेमानं! तर मग त्याचं पाप त्याला लागतं, की नाही लागत?

ते पुढचे काका मान हलवतायत, नाही लागत. आणि तिकडं मावशी म्हणतात, लागतं! नवरा-बायको दिसता. घरी जाऊन भांडा हो, इथं आधी आख्यान ऐका!

समुद्रकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच म्हणणार, 'अहो, तिथं आमचे व्याही आहेत!' आणि उद्या सकाळी फोन सुरू! तर ताडांचं गाव. घरटी एक तरी बाप्या ताडावर चढणारा. मडक्याला आतून चुना लावला की पहाटेची नीरा गोडच्या गोड. चुना नाही लावला, ऊन चढलं, की तीच आंबते, फेसाळते, आणि संध्याकाळपर्यंत चांगल्या धडधाकट गड्याला बांधावर आडवा करते. पण त्या गावात तिला दारू म्हणायची सोय नव्हती! दारू म्हणजे बाटलीतली. ही? छे छे, हे तर झाडाचं दूध!

त्या गावात एक चाल होती. सुनेला सातवा महिना लागला, ओटी भरली, की कुणी थोर बाई तिच्या ओठाला ताडीचा पेला लावायची. का? तर बाळ गोरं होतं, अंगात ताकद धरतं. आणि हा पेला लावायला साऱ्या गावात मान एकीचा — द्वारकाबायचा. तिची सगळी लेकरं जगली, वाढली, संसाराला लागली. ती ज्या घरी पेला लावायला गेली तिथली बाळंतीण सुखरूप सुटली. मग काय! 'द्वारकाकाकूचा हातगुण आहे हो!' बारशात तिला पहिला पाट. कुणाची गाय अडली तरी द्वारकाकाकूला हाक! हसू नका, खरंच सांगतो. आपल्याकडं एकदा एखाद्याला मोठं करायचं ठरलं, की गायसुद्धा सुटत नाही.

तर या द्वारकाबायची सून कुमुद. मुलगा जनार्दन. कुमुदला दिवस गेले. आता सासूच्या जिवाला काय आनंद सांगू! सुनेला पपई खाऊ देईना, उंबऱ्यावर बसू देईना. ग्रहण लागलं — कुमुदला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला घोंगडी लावली, विळी-सुई उचलून शेजारी ठेवून आली. 'हलू नको हं पोरी, बाळाला खोड राहते.' सूर्याची सावलीसुद्धा पडू दिली नाही हो पोटावर!

ग्रहण सुटलं. आंघोळी झाल्या. आणि संध्याकाळ झाल्यावर द्वारकाबायनं काय केलं? चुलीपाशी बसून सुनेला ताडीचा पेला भरून दिला.

हो! एकदाच ओटीला नाही. दुसऱ्यांच्या सुनेला एक पेला, मग माझ्या सुनेला रोज का नको? प्रेम, मंडळी, प्रेम!

कुमुद म्हणायची, "आई, नको हो. मळमळतं मला. डोकं गरगरतं."

"बाळासाठी घे गं. नाक धर नि घे."

ती घ्यायची. सासू मायेनं देते, नाही कसं म्हणायचं? घटाघटा घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायची. द्वारकाबाय तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात खरा होता हो. त्यातली माया खरी होती.

पोर झाली. रेवा. मुठीएवढी! डोळे बारीक, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखाली आपल्या सगळ्यांना एक पन्हळ असते ना — हात लावून बघा, असते — ती जवळजवळ नव्हतीच. घरचे म्हणाले, भरेल अंगानं. पोर वाढली, पण भरली नाही. आणि गोड किती! कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायची. पण सकाळी शिकवलेलं दुपारी नाही. मीठ आण म्हणून पाठवली की दारात उभी — कशाला आले होते? शाळेत बाई म्हणाल्या, लक्ष देत नाही. बाप म्हणाला, आळशी आहे. आणि गाव काय म्हणालं? गाव कधी गप्प बसलंय! 'द्वारकेचा हात लागूनसुद्धा पोर अशी! म्हणजे खोट आईच्या कुळात.'

कुमुदला ओटी भरायला बोलावणं बंद झालं. गेलीच कुठं, तर मोरीपाशी भांडी विसळत बसायची.

आता ऐका. चटका बसला की पोर शहाणं होतं, म्हणतो ना आपण? रेवा होत नव्हती. तापल्या तव्याला हात लावला, भाजली. फोड फुटले, सुकले. पुन्हा तोच तवा, तोच हात! जनार्दनानं भाजल्या पोरीला वर आणखी बडवलं. "कितीदा सांगायचं तुला?" द्वारकाबायचं आतडं तुटलं. नातीला कडेवर घेऊन ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी हाताला मलम लावलं. आणि मग हात सोडून पोरीच्या तोंडाकडंच बघत राहिल्या. शाळेचं विचारलं, झोपेचं विचारलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "आजी, ही पोटात असताना हिची आई काही प्यायची का? दारू वगैरे?"

द्वारकाबाय ताडकन उठली! "काय बोलता बाई! आमच्या घरात बाया दारूला शिवत नाहीत!"

"राग मानू नका. ताडी?"

"ताडी होय? ती घ्यायची की! मीच द्यायची रोज, माझ्या हातानं."

अभिमानानं सांगितलं हो तिनं! छाती पुढं काढून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला खाली बसवलं. म्हणाल्या, "आजी, आंबलेली ताडी म्हणजे दारूच. आई पिते ते नाळेतून बाळ पितं. आईची झोपून उठल्यावर उतरते. बाळाचं यकृत केवढंसं? त्याची लवकर उतरत नाही. नेमका त्याच वेळी मेंदू घडत असतो. कुणाला बाधतं, कुणाला कमी बाधतं. पण इतकी चालते असं माप नाही, आणि अमुक महिन्यात चालते असंही नाही." मग आजीच पोरीला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली, तपासण्या झाल्या. शंका खरी निघाली. आणि तिथं सांगितलं, हे औषधानं जायचं नाही. पोर मुद्दाम करत नाही. मारू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा, रोज तीच, रोज तशीच.

मंडळी, पोटातलं लेकरू ऐकतं असं पुराणात सांगितलं की तुम्ही माना डोलावता. मग पोटातलं लेकरू पितं, हे का नाही पटत आपल्याला?

द्वारकाबाय घरी आली. कुमुदनं विचारलं, "काय म्हणाले, आई?"

"काही नाही. अशक्तपणा आहे."

बघा! इथं बघा! जीभ रेटली नाही. कशी रेटेल? साऱ्या गावात त्या हाताचं नाव. बोलली तर प्रत्येक घर आपापल्या पोराकडं बघणार. शिमगा झाला, पावसाळा लागला, गणपती बसले-उठले. दोन ओट्यांना तिनं गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तिसरी आली ती भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या अक्षताची. तिथं कुठला गुडघा सांगणार?

गेली. बायका जमलेल्या. अक्षता पाटावर, हिरवी साडी, चेहरा कसा खुललेला! कुमुद आपली मोरीच्या दारात. द्वारकाबायच्या हातात पेला दिला. अक्षतानं डोळे मिटून तोंड पुढं केलं. पेला हवेतच थांबला.

एक म्हातारी म्हणाली, "घे गो पोरी, घाबरू नको. द्वारकेचा हात आहे. तुझं काही त्या कुमुदसारखं नाही व्हायचं."

कुमुदनं मान खाली घातली.

आणि द्वारकाबायनं पेला उलटा केला! सारवलेल्या जमिनीवर ताडी पसरली. "अगो बाई! अपशकुन!" एकच गलका!

"गप्प बसा!" द्वारकाबाय ओरडली. "या हाताला गुण नाही! माझ्या नातीचं डोकं या हातानं नासवलं. कुमुद नको म्हणत होती. मी पाजली, रोज पाजली. खोट तिच्या कुळात नाही, माझ्या पेल्यात होती. डॉक्टरांनी सांगितलंय. अक्षता, थेंब घेऊ नको. कुणाच्याच हातून घेऊ नको!"

मग मागून एक बाई उठली. "म्हणजे माझा पोरगा दिगू रेवासारखाच आहे, तो... काकू, मला पण तुम्हीच पाजलीत की!"

"माहीत नाही गं," द्वारकाबाय म्हणाली. "त्यानं झालं असेल, नसेल. पण पाजली मीच."

आता तुम्हाला वाटेल, कुमुद धावत आली, सासूच्या गळ्यात पडली. सिनेमा नव्हे हा! कुमुद ओल्या हातानं पुढं आली आणि विचारलं, "आई, तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"शिमग्याच्या आधी कळलं."

"परवा हे रेवाला मारत होते. तुम्ही पडवीत बसला होतात." तिचा आवाज फुटला. "पाजलीत तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्याचं मी काही म्हणत नाही. पण परवा तुम्हाला ठाऊक होतं, आई!"

द्वारकाबाय ढसाढसा रडली. अक्षताच पाटावरून उठली, कुमुदचा हात धरला, म्हणाली, "वहिनी, माझी ओटी तुम्ही भरा." आणि त्या दिवशी ती ओटी कुमुदनं भरली.

रेवा बरी झाली का? नाही. आख्यान म्हणून खोटं सांगणार नाही. पण त्या दिवसापासून तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. तव्यापासून लांब कसं राहायचं, हे आजी तिला रोज सकाळी नव्यानं सांगते. रोज!

मिळालं उत्तर? नकळत घडलं ते कुमुदनं सोडून दिलं, देवही सोडून देईल. कळल्यावर तोंड मिटलं, ते मात्र खात्यावर चढलं.

आता तुमच्याकडं वळतो. बाप्ये मंडळी, बायकांकडं काय बघता? पोटुशी बायको समोर असताना बाटली उघडून 'घोटभर घे, थंडी आहे' म्हणणारे तुम्हीच ना? बाळंतपणाआधी ब्रँडी चांगली, असं शेजारणीला सांगणाऱ्या आज्या इथं बसल्यात. आजवर नव्हतं ठाऊक. ठीक. पण आत्ता, या घटकेला, कळलं! आता तुम्हाला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. आणि कुणाच्या घरी रेवासारखं लेकरू असेल, मार खात असेल, त्याच्या आईला बोल लागत असेल...

आरतीचं तबक आलं. उभे राहा. पण ज्याला घरी जाऊन कुणाला काही सांगायचं आहे, कुणाची माफी मागायची आहे, त्यानं आरतीला थांबू नये. देव रागावत नाही. वाट मोकळी करा रे, त्यांना जाऊ द्या!